त्या पानावरची वेळ

"हा स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले. "मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडलेली दिसते. सीटी स्कॅन लगेच काढतोय. पण आधी मला एक सांगा, बाबा. यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?"

नगरच्या एका हॉस्पिटलातली ती तातडीच्या उपचारांची खोली होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक झाला होता. माझी पत्नी शांता स्ट्रेचरवर होती. तिचा उजवा हात कडेवरून लोंबत होता आणि आमची सून सरिता तो पुन्हा पुन्हा उचलून आत ठेवत होती. राहुरीहून नगरपर्यंत गाडीत तिनं तो हात सोडला नव्हता.

मी म्हणालो, "नऊ वाजता."

ते खरं नव्हतं. खरी वेळ एका वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेली होती, आणि ती सात वाजून दहा मिनिटं अशी होती. हे सांगायला मला तीन वर्षं लागली. आता मी शहात्तर वर्षांचा आहे आणि थकलो आहे. ज्यांच्या घरात असा प्रसंग येईल त्यांना काही उपयोग व्हावा म्हणून लिहितो आहे, आणि सरितेसाठी लिहितो आहे.

वहीचं आधी सांगतो. मी हायस्कुलात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शांता मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गावर होती. दोघंही निवृत्त झाल्यावर सकाळी चहानंतर काय करायचं म्हणून मी एक खेळ काढला. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पुठ्ठ्यांचे चौकोन कापून त्यावर इंग्रजी अक्षरं लिहिली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. रोज तीन चौकोन काढायचे. ती तिन्ही अक्षरं ज्यात आहेत असे इंग्रजी शब्द दहा मिनिटांत लिहायचे. अक्षरं कुठल्याही क्रमानं आली तरी चालतील, पण तिन्ही हवीत, आणि तोच शब्द दुसऱ्यांदा लिहिला तर काट.

दोघांच्याही वह्यांत पानाच्या वर तारीख आणि सुरुवातीची वेळ मी लिहायचो. दहा मिनिटांनी दोघांच्या वह्या मीच तपासायचो, लाल पेनानं. ती हसायची. म्हणायची, "अहो, पेन्शन सुरू झाली, तुमची शाळा काही सुटंना."

पहिल्या वर्षी ती पाच-सहा शब्दांवर अडायची. मग वर्तमानपत्रातून, औषधांच्या खोक्यांवरून, दुकानांच्या पाट्यांवरून शब्द गोळा करायला लागली. शेवटी शेवटी ती मला हरवू लागली. त्या आठवड्यात तिनं मला तीनदा हरवलं होतं. मला ते आवडलं नव्हतं. आता लिहिताना लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नोव्हेंबरची सकाळ होती. मला नऊ वाजता बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं. सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही चौकोन काढले. ए, आर आणि टी. सोपी अक्षरं. मी भराभर लिहू लागलो: टीचर, हार्ट, ट्रॅक्टर, पॅरट, डॉटर.

दहा मिनिटांनी मी तिची वही ओढून घेतली. पहिले तीन शब्द बरोबर होते. वॉटर, फादर, मार्केट. त्यानंतर पुन्हा वॉटर. खाली पुन्हा वॉटर. असं चार वेळा. त्याखाली पेन, ज्यात आमच्या तीन अक्षरांतलं एकही नाही. मग नुसत्या रेघा होत्या. ओळी उजवीकडे घसरत पानाच्या कोपऱ्यात गेल्या होत्या आणि पेन्सिल खाली फरशीवर पडली होती. ती तिनं उचललीही नव्हती.

मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. आज मी जिंकलो होतो. मी लाल पेनानं एकेक ओळ काटली, दहापैकी तीन गुण दिले आणि खाली शेरा मारला: 'लक्ष कुठे आहे?'

"डोकं जड झालंय," ती म्हणाली. बोलणं जाड येत होतं. मला वाटलं, हरली म्हणून रुसली आहे.

"मग पड जरा," मी म्हणालो.

ती भिंतीला धरून खोलीत गेली. भिंतीला धरून गेली हे मी पाहिलं होतं.

नऊ वाजता निघताना मी दारातून डोकावलो. ती डोळे मिटून पडली होती. स्वयंपाकघरात सरिता पोळ्या करत होती. मी तिला म्हणालो, "आईला झोपू दे. डोकं दुखतंय तिचं. उठवू नकोस." सरिता म्हणाली, "बरं पप्पा." ती घरी ब्लाउज शिवायची. सगळं आवरून ती बाहेरच्या खोलीत मशीनवर बसली. साडेअकराला पलंगावरून पडल्याचा आवाज आला तेव्हा धावत गेली ती सरिता. उचलायला रिक्षावाल्याला थांबवलं, नगरला न्यायला शेजारच्यांची गाडी मागितली, मला बँकेत फोन केला, हे सगळं तिनंच केलं. मी रांगेत होतो.

आता पुन्हा त्या तातडीच्या खोलीत येतो.

डॉक्टरांनी मला समजावलं. रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की त्याला 'इस्केमिक स्ट्रोक' म्हणतात, म्हणजे साध्या भाषेत अर्धांगाचा झटका. त्यावर गुठळी विरघळवणारं एक इंजेक्शन असतं. पण ते पहिलं लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला तर त्याच इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ते वेळ विचारत होते.

नऊ धरले तर अजून पाऊण तास हातात होता. त्यांची धावपळ सुरू झाली. सिस्टरनं हातात सुई घातली, स्ट्रेचर आत गेलं.

सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे आडवे काप घेतल्यासारखे फोटो. ते घेऊन डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता.

"बाबा, हा भाग बघा. इतका काळपट भाग चार तासांच्या आत सहसा दिसत नाही. पुन्हा नीट आठवा. नऊच्या आधी काही? बोलण्यात फरक? हातातून वस्तू पडणं?"

पेन्सिल मला दिसली. फरशीवर पडलेली.

"नाही," मी म्हणालो. "नऊला मी तिला बघूनच निघालो."

मी तिला नऊला बघितलं होतं, एवढं खरं होतं. याच वाक्याला मी पुढे तीन वर्षं धरून राहिलो.

डॉक्टर सरितेकडे वळले. "ताई, तुम्ही घरीच होतात ना?"

"व्हय सर. पप्पा म्हनले, झोपू दे, उठवू नको." ती माझ्याकडे बघत होती. मी होकार द्यावा एवढीच तिची अपेक्षा होती.

मी खाली बघितलं. तिथं फरशीवर कोणाच्या तरी चपलांचा मातीचा ठसा होता. तो अजून आठवतो.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही. त्यांनी माझ्या शब्दापेक्षा फोटोवर विश्वास ठेवला, म्हणून शांता आज जिवंत आहे. त्यांनी माझं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी अनेकदा केला आहे. अजून तो पुरा करता येत नाही.

चार दिवस आयसीयू, अकरा दिवस वॉर्ड. आयसीयूबाहेरच्या बाकांवर आम्ही पाळीनं बसायचो. सकाळी पाच मिनिटं आत सोडत, संध्याकाळी पाच मिनिटं. नाकातून नळी घातली होती, त्यातून दूध आणि पातळ पेज. उजवा हात आणि पाय हलत नव्हते. सहाव्या दिवशी ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. तो शब्द नव्हता, नुसता आवाज होता.

डॉक्टर म्हणाले, "याला अफेजिया म्हणतात. भाषेच्या जागेला मार लागलाय. त्यांना तुमचं बोलणं बरंचसं समजतं. काय म्हणायचंय तेही त्यांना माहीत असतं. पण शब्द सापडत नाही."

मला त्या वेळी फक्त एवढंच कळलं की ती काही सांगू शकणार नाही. आणि हे लिहितो आहे तर पूर्ण लिहितो. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते शांतेची वही उचलण्याचं. माझ्या प्रमाणपत्रांच्या पेटीत, अगदी तळाला ठेवली. शांता पलंगावर जागी होती. फाडून टाकायला मात्र हात धजला नाही.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, दर बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना सभा असते. आजारातून, संकटातून निभावलेल्या माणसानं तिथं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे आपल्यावर काय गुदरलं आणि देवानं कसं तारलं ते सर्वांसमोर सांगायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. दोन महिन्यांनी सभा आमच्या घरी झाली आणि मी साक्ष दिली. शिक्षक माणूस, मला बोलता चांगलं येतं. मी म्हणालो, "नऊ वाजता मी हिला चांगली सोडून गेलो. साडेअकरापर्यंत घरात काय झालं, ते मला माहीत नाही. पण परमेश्वर जागा होता."

मी सरितेचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

शांता माझ्या शेजारी चाकाच्या खुर्चीत होती. ती रडायला लागली आणि डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागली. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांना वाटलं, देवाच्या कृपेनं तिचं मन भरून आलं आहे. ती काय सांगते आहे, हे त्या खोलीत मला एकट्याला समजत होतं.

सभा संपल्यावर ओसरीत चपला घालताना मालनबाई म्हणाल्या, "मशीनच्या खडखडाटात म्हातारीचं कुनाला काय ऐकू येतंय!" त्या आमच्या जुन्या शेजारीण, मनानं वाईट नाहीत. सरिता चहाचे कप गोळा करत होती. तिनं ते ऐकलं. पुढच्या आठवड्यात तिनं मशीनवर चादर टाकली. महिनाभरात ते अकोल्याला तिच्या भावजयीला देऊन टाकलं. माझा मुलगा सुहास चाकणला कंपनीत आहे, शनिवारी येतो. तो बायकोला उघड काही बोलला नाही. पण आईची औषधं तिनं दिली तरी तो पुन्हा मोजून बघायचा. एकदा ती माहेरी गेली ती दोन महिने आली नाही. परत आली ती शांतेसाठी.

कारण शांतेचं सगळं तीच करत होती. रोज सकाळी हाता-पायांचे व्यायाम. दर गुरुवारी एसटीनं नगरला स्पीच थेरपी, म्हणजे बोलणं पुन्हा शिकवण्याचे उपचार. थेरपिस्ट मुलगी तरुण होती, पण तिचा संयम मोठा होता. चित्र दाखवायचं, शब्दाचं पहिलं अक्षर द्यायचं, आणि मग गप्प बसायचं. "आजींना वेळ द्या," ती म्हणायची. "तुम्ही शब्द सांगून टाकलात तर त्या शोधणार नाहीत." वर्षभरानं शांता 'चहा' म्हणाली. त्यानंतर 'नको', 'आहे', 'सरी'. सरी म्हणजे सरिता. माझ्यासाठी शब्द यायला आणखी वेळ लागला.

या वर्षी जूनमध्ये थेरपिस्टनं विचारलं, "आजींना पूर्वी कशाची आवड होती?" सरितेनं तिला आमच्या खेळाचं सांगितलं. ती मुलगी खूश झाली. "मग तोच डबा काढा. दोन अक्षरांपासून सुरुवात करा. आणि त्यांची जुनी वही असेल तर घेऊन या. आधी किती जमायचं ते मला बघायचंय."

घरी आल्यावर सरितेनं डबा काढला. मग हाक मारली, "पप्पा, आईंची वही कुठं ठेवलीय?"

"कोण जाणे," मी म्हणालो. "रद्दीत गेली असेल."

"आहे," शांता म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं डावा हात उचलला आणि माझ्या पेटीकडे बोट केलं. "आहे," ती पुन्हा म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. थेरपिस्ट तिच्याकडे जशी बघायची, तशी ती माझ्याकडे बघत होती. वाट बघत होती.

मी पेटी उघडली. वही सरितेच्या हातात दिली आणि शेवटचं लिहिलेलं पान मीच काढून दिलं.

ती बारावी शिकलेली आहे. तिनं ते पान सावकाश वाचलं. तारीख, वेळ, वॉटर, वॉटर, घसरलेल्या रेघा, लाल काट, तीन गुण, शेरा. मग पुन्हा वेळ.

"सात वाजून धा," ती म्हणाली.

"हो."

"आनि तुमी मला सांगितलं हुतं, झोपू दे म्हनून."

"हो. सांगितलं होतं."

ती खाली बसली. "पप्पा, मला तर वाटायला लागलं हुतं, तुमी तसं म्हनलाच न्हाई. माझ्याच डोक्यात काय तरी बिघाड झालाय. तीन वर्षं मी रोज ती सकाळ आठवून बघते. पोळ्या करत हुते, तुमी दारात हुता, निळा शर्ट हुता. तरी मला माझंच खरं वाटंना."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझी काय मागता? तुमी समद्यांसमोर उभं राहून बोलला हुता. तितंच बोला."

"बोलतो."

"नुसतं चुकलं-माकलं न्हाई म्हनायचं. वही घेऊन बोला."

पुढच्या बुधवारी सभा मालनबाईंच्या घरी होती. मी उभा राहिलो. वही खुर्चीच्या पाठीवर टेकवली. मी पान वाचून दाखवलं, वेळेसकट, शेऱ्यासकट. डॉक्टरांना काय सांगितलं तेही सांगितलं. "मी याच मंडळीसमोर देवाचं नाव घेऊन खोटी साक्ष दिली," एवढं म्हणून खाली बसलो.

कोणीतरी घाईनं गीत सुरू केलं, पण दुसऱ्या ओळीला ते विरलं. शांता माझ्याकडे बघत नव्हती. ती सरितेकडे बघत होती.

मालनबाई उठून सरितेजवळ गेल्या. "पोरी, आमी तुला लई बोललो गं."

"व्हय मावशी, बोललात," सरिता म्हणाली. "चहा ठेवते, दूध कुठंय?"

एवढंच. मला वाटलं होतं, मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. त्या रात्री झोप लागली, इतकंच म्हणता येईल. सुहासला मी फोनवर सांगितलं. शनिवारी आला तेव्हा त्यानं मला विचारलं, "आता मी तिला काय बोलू?" मी म्हणालो, "मला विचारू नकोस. मी तीन वर्षं काही बोललो नाही, मला काय कळतंय त्यातलं." तो पायरीवर तिच्याजवळ जाऊन बसला. ती मेथी निवडत होती. तिनं अर्धी जुडी त्याच्यापुढे सरकवली. मी अकोल्याहून मशीन परत आणायचं म्हणालो, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. वहिनीचं घर चालतंय आता त्याच्यावर."

डॉक्टरांकडेही मी गेलो. त्यांना प्रसंग आठवला. मी विचारलं, सात वाजून वीस मिनिटांनी आम्ही निघालो असतो तर? ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही, बाबा. पण संधी होती." हे त्यांनी गोड करून सांगितलं नाही याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. जुन्या डिस्चार्ज कार्डावरची वेळ बदलता येत नाही म्हणाले, पण नव्या कागदावर त्यांनी खरी वेळ लिहून सही केली.

तुमच्या घरात कोणी अचानक तोच शब्द पुन्हा पुन्हा बोलू किंवा लिहू लागलं, हातातली वस्तू पडली, बोलणं जाड झालं, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटलं, तर त्यांना झोपवू नका. चुका काढू नका. घड्याळ बघा आणि निघा. आणि डॉक्टर वेळ विचारतील तेव्हा ती सांगा, मग त्यात तुमची कितीही लाज असो.

आमचा डबा पुन्हा रोज निघतो. चौकोन सरिता काढते. शांता डाव्या हातानं लिहिते. काल ओ आणि टी आली, वीस मिनिटांत तिनं दोन शब्द लिहिले. वही तपासायचं काम आता माझ्याकडे नाही. मी फक्त समोर बसतो आणि थांबतो. वर वेळ सरिताच लिहिते. तिनं तशी अटच घातली आहे.

डिस्चार्ज कार्डावर आणि लोकांच्या बोलण्यात जे राहिलं आहे, ते इथं दुरुस्त करून ठेवतो. माझ्या पत्नीला झटका आला तेव्हा सकाळचे सात वाजून दहा ते वीस मिनिटं झाली होती. तेव्हा तिच्यासमोर मी बसलो होतो. माझी सून सरिता स्वयंपाकघरात होती, आणि आईला उठवू नकोस हे तिला मीच सांगितलं होतं.